खणणारा मोकाट, सांगणारा धास्तावलेला

किल्ल्याच्या माचीवर, पाण्याच्या टाक्याला लागून, एक नंदी होता. पंधरा वर्षं मी त्याला बघत आलो. डावं शिंग तुटलेलं, पाठीवर शेवाळ, पण गळ्यातली घंटांची माळ अजून बोटांना लागायची. गेल्या पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा तो वशिंडापासून दुभंगून दोन बाजूंना पडला होता आणि त्याच्या बसायच्या जागी कमरेइतका खड्डा होता. खड्ड्याच्या कडेला पहारीचे ओरखडे ताजे होते. बाजूला टाचण्या टोचलेली, हळद-कुंकवाने माखलेली चार लिंबं, एक फुटलेलं अंडं, काळ्या कापडाची चिंधी आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. खड्ड्याच्या तळाशी काळा कातळ उघडा पडला होता. खणणाऱ्यांचे हात तिथेच थांबले असणार.

खाली गावात गुरवाने सांगितलं, अमावास्येच्या रात्री गाडी आली होती, कुत्री भुंकत होती, कोणी बाहेर पडलं नाही. मी तालुक्याला जाऊन तक्रार द्यायचा प्रयत्न केला. समोरच्या माणसाने विचारलं, "चोरीला काय गेलं?" चोरीला काहीच गेलं नव्हतं. नंदी जागेवरच होता, दोन तुकड्यांत. अर्जावर पोच मिळाली. पुढे काही झालं नाही.

मी हे लिहितोय ते त्या नंदीसाठी, आणि माझ्या मामासाठीही. मामाची गोष्ट पुढे येईल. गुप्तधनाच्या बाबतीत आपल्याकडे सगळा कारभार उलटा बसलाय, असं माझं ठाम मत झालंय. रात्री पहार घेऊन गडावर येणाऱ्याला कशाचीही भीती वाटत नाही. आणि पाया खणताना, विहीर उपसताना, नांगराच्या फाळाला लागून ज्याला खरोखर काही सापडतं, तो मात्र घाबरून गप्प बसतो, रातोरात सोनाराकडे जातो आणि नाणी वितळवून मोकळा होतो. धाक पहिल्याला हवा आणि भरवसा दुसऱ्याला. आज नेमकं याच्या उलट आहे.

आधी खणणाऱ्यांबद्दल. गडावर धन पुरलंय हे त्यांनी इतकं गृहीत धरलेलं असतं, की कोणी पुरलं, कधी पुरलं आणि ते आजवर का राहील, हे प्रश्नच त्यांना पडत नाहीत. वास्तविक मराठ्यांच्या खजिन्याचं काय झालं हे बऱ्यापैकी माहीत आहे. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या मागे राहिलेल्या खजिन्याची जिन्नसवार यादी आहे. म्हणजे तो मोजलेला, नोंदलेला, कारखान्यांतून ठेवलेला माल होता. कुणी अंधारात दगडाखाली लपवलेला हंडा नव्हता. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. पेशवाईच्या शेवटी, १० मे १८१८ ला, तो कर्नल प्रॉथरच्या फौजेने घेतला तेव्हा इंग्रजांना गडावर सुमारे पाच लाख रुपये रोख सापडले आणि त्यांनी ते हिशेबात धरले. त्याच धामधुमीत पेशव्यांच्या खजिन्याशी संबंध असलेल्या नारो गोविंद औटी यांच्याकडून पुण्यात जप्त झालेल्या रकमेचा दावा मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८३० मध्ये तिथे निकाल लागला, की ही युद्धातली जप्ती आहे, त्यात न्यायालयाला हात घालता येणार नाही. त्र्यंबकेश्वराचा नासक हिरा लंडनच्या जवाहिऱ्यांकडे पोचला. दख्खनच्या लुटीची वाटणी कोणाला किती, यावर इंग्रज अधिकारी पुढे कित्येक वर्षं भांडत राहिले.

सांगायचं हे, की ज्या खजिन्याच्या आशेने आज माचीवरचा नंदी फोडला जातो, तो दोनशे वर्षांपूर्वी बोटीत बसून गेला आणि त्याच्या गेल्याचे कागद शिल्लक आहेत. त्यात सह्याद्रीच्या माथ्यावर माती असते किती? वीतभर, हातभर. मग मुरूम, मग कातळ. टाकं खोदायला पाथरवटांचे महिनेच्या महिने गेले त्या कातळात कोणी घाईघाईने हंडा कसा पुरेल? ज्याने एकदा गडावर तंबूची मेख ठोकून पाहिलीय त्याला हे सांगावं लागत नाही.

खुणांचंही तेच. वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकदगडावर, वरच्या टोकाला चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. खजिना शोधणारे त्याला दिशेची खूण समजतात: सूर्य उजवीकडे म्हणजे धन पूर्वेला, असलं काहीतरी. तो चंद्रसूर्य म्हणजे आचंद्रार्क, आकाशात चंद्रसूर्य आहेत तोवर या वीराची कीर्ती राहो, एवढंच. गधेगाळीवर, म्हणजे जमीन दान दिल्याच्या दगडावर, जे ओंगळ चित्र असतं ती जमिनीचं दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी आहे. सरकारी दानपत्राच्या शेवटी येणारी धमकी म्हणा. ही चित्रं अक्षर न येणाऱ्यालाही कळावीत म्हणून कोरली होती. आठशे-हजार वर्षांनी ती कोणालाच कळेनाशी झाली आणि लोक त्यांच्याखाली खणायला लागले. गावोगावी उखडलेल्या वीरगळी, उलट्या पडलेल्या सतीशिळा, गाभाऱ्यातून उपटलेल्या पिंडी दिसतात. त्यांच्यातल्या पुष्कळशा कोणी नोंदवलेल्यासुद्धा नाहीत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्याचा आनंद मलाही आहे. पण त्या बारांबाहेरच्या शेकडो गडांवर रात्रीचा पहारेकरी कोण? कोणी नाही.

आता हेही खरं, की जमिनीत धन असतं. ही सगळी भाकडकथा आहे असं म्हणणं सोयीचं असलं तरी खोटं आहे. पूर्वी पेढ्या मोजक्या, वाटा धोक्याच्या, पेंढाऱ्यांच्या टोळ्या उठल्या की गावंच्या गावं ओस. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांची फौज पुण्यावर आली तेव्हा ज्यांच्या घरात चार पैसे होते त्यांनी ते चुलीखाली, गोठ्यात, भिंतीच्या कोनाड्यात दडवले. काही जण परतलेच नाहीत. असं घरगुती पुरलेलं अजून निघतं आणि निघत राहील. पण ते कोणाला सापडतं हे एकदा नीट बघा.

१९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबादला छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याने एका झुडपाच्या बुंध्याशी खणायला घेतलं. त्याला चार भरीव ब्राँझच्या वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ, रथात उभा माणूस. चारांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. या गावाखालची जुनी वस्ती अभ्यासकांना आधीच माहीत होती, पण जगाचं लक्ष तिच्याकडे वळलं ते त्या चार वस्तूंनी, आणि पुढे तिथे मोठं उत्खनन झालं. फेब्रुवारी १९४६ मध्ये राजस्थानात बयाण्याजवळच्या एका खेड्यात गुप्त राजांच्या सोन्याच्या नाण्यांनी भरलेलं भांडं निघालं. त्यातली काही नाणी लोकांनी वितळवून टाकली. वाचली ती १८२१. आपल्या कोल्हापूरकडच्या अनंत सदाशिव आळतेकरांनी त्यांची सूची केली म्हणून आज समुद्रगुप्ताच्या आणि चंद्रगुप्ताच्या नाण्यांबद्दल आपण एवढं बोलू शकतो. जी वितळली त्यांच्यात एखादा असा शिक्का असेल जो दुसरीकडे कुठेच नाही. ते आता कधीच कळणार नाही. मला ही गोष्ट वाचून खरोखर दुःख होतं, एखाद्या ओळखीच्या माणसाच्या मरणाचं व्हावं तसं.

आणि नाशिकजवळचं जोगलटेंभी. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, तेरा हजारांहून अधिक नाणी. सगळी क्षहरात राजा नहपानाची. एकेक नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं. म्हणजे तराजूत टाकलं तर अख्खा साठा तीस किलोच्या आत-बाहेर चांदीचा. त्या काळच्या सोनाराला एका दिवसाचं काम. पण ती नाणी अभ्यासकांच्या हाती गेली आणि दिसलं ते असं, की त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलाय, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाला 'खखरात (म्हणजे क्षहरात) वंश निःशेष करणारा' म्हणते. आई मुलाबद्दल म्हणणारच, असं कोणी म्हटलं असतं तर त्याला उत्तर नव्हतं. जोगलटेंभीने ते दिलं. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याने आपल्या टाकसाळीत मागवला, त्याच्या नाकाडोळ्यांवर आपला शिक्का हाणला आणि पुन्हा बाजारात सोडला. लेण्यातलं एक वाक्य आणि जमिनीतली नऊ हजार नाणी एकमेकांना साक्ष देतात. महाराष्ट्राच्या इतिहासाचा एवढा मोठा सांधा त्या साठ्यावर उभा आहे.

साठा एकत्र राहिला म्हणून हे कळलं. त्यातली दहा नाणी सुटी सुटी बाजारात आली असती तर एवढं सांगता आलं नसतं. किती ठसा मारलेली, किती बिनठशाची, एकत्र होती की वेगळी, हे प्रमाणच तर बोलतं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं. त्याच टेकडीवर त्याआधी सापडलेला, रोमन बनावटीचा, समुद्रदेव पोसायडनचा छोटा ब्राँझ पुतळा महत्त्वाचा ठरला तो सातवाहन काळच्या वस्तीच्या संदर्भात. पंचगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार होता हे त्या संदर्भाने सांगितलं. तोच पुतळा कोणी रात्री पहारीने उकरून काढला असता तर भंगारवाल्याकडे पितळेच्या भावाने गेला असता, किंवा एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात मुका बसला असता. मातीचे थर एकदा कालवले की ते पुन्हा लावता येत नाहीत. पुरातत्त्वाचा विद्यार्थी हातात ब्रश आणि लहान करणी घेऊन दिवसाला बोटभर माती काढतो, त्याचं कारण हे आहे. खड्डा खणणारा एका रात्रीत पाचशे वर्षं घमेल्यात भरून बाजूला ओततो.

या चारही ठिकाणी कुठे मांत्रिक नव्हता, नकाशा नव्हता, पुरलेलं धन दाखवणारं अंजन नव्हतं. दायमाबादला तर नुसतं झुडूप काढताना ते समोर आलं. गुप्तधन शोधायला म्हणून निघालेल्यांनी इतिहासाला काही दिल्याचं एकही उदाहरण मला ठाऊक नाही, आणि मी बरीच वर्षं शोधतोय.

यावर कोणी म्हणेल, हा अडाणी लोकांचा खेळ आहे, शिक्षणाने जाईल. मला तसं वाटत नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या सुपरस्टिशन डोंगरांत 'हरवलेल्या डचमनची खाण' शोधायला लोक शंभर वर्षांहून अधिक काळ जातायत. याकोब वाल्ट्झ नावाचा जर्मन माणूस १८९१ मध्ये वारला, त्याने मरताना खाणीचा पत्ता सांगितला म्हणतात. त्या पत्त्यामागे जाऊन माणसं तहानेने, कड्यावरून पडून मेलीत. १९८४ पासून तिथे खाणीचे नवे दावे सांगायलाच बंदी आहे, तरी लोक जातात. त्याच देशात एका प्राचीन वस्तूंच्या व्यापाऱ्याने २०१० मध्ये सोन्याची पेटी रॉकी पर्वतात लपवून कवितेत खुणा दिल्या. २०२० मध्ये ती सापडेपर्यंत पाच जणांचा जीव गेला. ही सगळी शिकलेली, गाड्या-नकाशे-उपग्रहाची छायाचित्रं हाताशी असलेली माणसं होती.

आणि आपल्याकडे खुद्द सरकारने खणलं. उत्तर प्रदेशात उन्नावजवळच्या डौंडियाखेड्याला १८५७ च्या उठावात फाशी गेलेल्या राजा राव रामबक्ष सिंहांनी एका साधूच्या स्वप्नात येऊन हजार टन सोन्याचा ठावठिकाणा सांगितला. ऑक्टोबर २०१३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तिथे फावडं लावलं. भूगर्भ सर्वेक्षणाच्या अहवालाचा आधार दाखवला गेला, पण देशभर गाजलं ते स्वप्नच. निघालं काय, तर खापरं, बांगड्यांचे तुकडे, चुली. ज्या खात्याने लोकांना सांगायचं की स्वप्नावरून खणू नका, त्याच खात्याच्या खड्ड्याभोवती वृत्तवाहिन्यांची जत्रा भरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. मधल्या ऑक्टोबरात हे चाललं होतं. मला ते तीन महिने विसरता येत नाहीत.

कारण या खेळाला माणसांची किंमत मोजावी लागलीय. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली आणि बायका एकामागून एक मारल्या गेल्या. गुप्तधन मिळावं म्हणून हे बळी दिले, असा आरोप ठेवून खटला उभा राहिला. माझ्या लहानपणी मराठवाड्यातल्या आयाबाया मुलींना संध्याकाळी एकटं सोडायच्या नाहीत, त्या भीतीचं नाव मानवत होतं. पायाळू मुलाला जमिनीतलं धन दिसतं ही समजूत आजही गावात जिवंत आहे. ज्यांच्या घरी पायाळू लेकरू जन्मतं ते लोक ही गोष्ट कोणाला सांगत नाहीत, शाळेत तर नाहीच. पायांकडून जन्मणं ही सुईणीच्या आणि डॉक्टरच्या चिंतेची बाब. ते मूल वाचलं, हेच केवढं. त्याने नंतर आयुष्यभर लपून का राहायचं? आणि मांडूळ: शेतात उंदीर खाणारा बिनविषारी साप, त्याच्या शेपटीला तोंड समजून लाखोंच्या व्यवहारांत पोत्यात घालून फिरवला जातो, धनापर्यंत नेईल म्हणून. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिलंय, पण पोत्यात त्याला ते काय उपयोगाचं.

२०१३ च्या कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं स्पष्टपणे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. हा कायदा चांगला आहे आणि तो ज्यांनी जीव देऊन मिळवला त्यांचं ऋण मोठं आहे. पण तो बळीच्या, अघोरीच्या, माणसाच्या छळाच्या बाजूने येतो. चार लिंबं ठेवून नंदी फोडणाऱ्याला तो सहसा शिवत नाही. संरक्षित स्मारक असेल तर १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. माझ्या माचीवरचा नंदी कोणत्याच यादीत नव्हता. यादीत नसलेल्या दगडाची किंमत कायद्याच्या लेखी दगडाइतकीच. म्हणून पहिली मागणी साधी आहे: गावातल्या प्रत्येक वीरगळीची, पिंडीची, फुटक्या नंदीची गाव दप्तरी नोंद करा, फोटोसह. त्याला पुरातत्त्व खात्याची फौज लागत नाही. मोबाइल असलेली शाळेतली मुलं, एक शिक्षक आणि ग्रामसेवक पुरेत. चोरीला काय गेलं, या प्रश्नाला उत्तर देता आलं पाहिजे.

आता मामाकडे येतो.

मी कॉलेजात असताना मामाने घराची पडकी मागची भिंत पाडली. पांढऱ्या मातीची, दोन हात जाड भिंत. पहारीच्या तिसऱ्या-चौथ्या घावाला आतून खणकन आवाज आला आणि ढेकळाबरोबर एक तांब्या खाली आला, तोंडाला कापड बांधलेला. कापडाला हात लावताच ते भुकटी झालं. आत नाणी, काळीठिक्कर, एकमेकांना चिकटलेली. मामीने चिंचेच्या पाण्यात टाकली तशी चांदी चमकली. एका बाजूला फारसी अक्षरं, मधे अंकुशाचं चिन्ह. मला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं की हे अंकुशी रुपये, पेशवाईत पुण्याकडे चालणारे. किती होते मी मोजले नाहीत. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाहीत एवढे.

त्या रात्री घरात कोणी झोपलं नाही. मामाने दार लावून घेतलं आणि आम्हा पोरांना शपथ घातली. "सरकारला कळलं तर घर खणून काढतील, जमीन जप्त करतील, वर मलाच आत टाकतील." आजी म्हणाली, "आपल्याच पणज्याचं असेल रे, आपल्यालाच कसली चोरी?" मामा म्हणाला, "आई, तुला कळत नाही." तिसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या सोनाराकडे गेला. सोनाराने चार नाणी दगडावर घासली, वजन केलं, जुनी चांदी म्हणून घट धरली आणि मोडीच्या भावाने पैसे दिले. मामासमोरच मुशीत टाकली. आजीने एक रुपया मागून घेतला होता, तो देव्हाऱ्यात हळदीकुंकवाने माखून अजून आहे. बाकी सगळे गेले. ते कोणी, कोणत्या साली, कोणत्या भीतीने भिंतीत चिणले होते, किती निरनिराळ्या टाकसाळींचे होते, हे सांगू शकणारा तांब्या आमच्या डोळ्यांसमोर गेला. आणि माझ्या मामासारखा सरळ माणूस दुसरा शोधून सापडणार नाही. तो चोर नव्हता. त्याला भीती घातली गेली होती, पिढ्यान्‌पिढ्या.

ती भीती कुठून आली? १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, माल सरकारी तिजोरीत ठेवायचा किंवा जामीन द्यायचा. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद, आणि वाटा सरकारजमा. लोकांपर्यंत पोचला तो एवढाच भाग, कैदेचा. कायद्यातला दुसरा भाग मी गेल्या चाळीस वर्षांत एकाही चावडीवर, एकाही फलकावर लिहिलेला पाहिला नाही. आजही गावात विचारा: "सापडलं तर काय होतं?" उत्तर एकच, "सरकार घेऊन जातं."

त्या कायद्यात दोष आहेत. दहा रुपयांची मर्यादा १८७८ मधली आहे. कलेक्टरने जाहीर सूचना काढल्यावर दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख द्यायची, मग चौकशी, मग दिवाणी दावा. तोवर सापडवणारा खेटे घालत बसतो. सर्वांत वाईट म्हणजे किंमत ठरवायची पद्धत. सरकारला तो ठेवा हवा असेल तर त्याने धातूची किंमत अधिक त्या किमतीचा पाचवा हिस्सा द्यायचा. धातूची! म्हणजे नहपानाच्या चेहऱ्यावर गौतमीपुत्राने मारलेला ठसा आणि चांदीची सळई, दोन्हींना एकच भाव. वजनाने मोजायला सोनारही बसलाच आहे, मग माणूस कलेक्टरकडे का जाईल? इंग्रजांनी हा कायदा आपल्यासाठी केला. स्वतःच्या देशात त्यांनी १९९६ मध्ये नवा कायदा केला, त्यात तज्ज्ञ समिती बाजारभावाने मोल ठरवते आणि शोधणारा व जमीनमालक यांना ते वाटून दिलं जातं. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात मिळालेल्या सोन्याचं मोल बत्तीस लाख पौंडांच्या वर ठरलं आणि ते शेतकरी आणि शोधणारा यांच्यात वाटलं गेलं. ठेवा एकत्र राहिला, संग्रहालयात गेला, त्यावर आजही काम चालू आहे.

मी मेटल डिटेक्टर घेऊन हौसेने शोधणाऱ्यांना मोकळीक द्या म्हणत नाही. आपल्या गडांवर आणि जुन्या वस्त्यांच्या, पांढरीच्या टेकाडांवर तो प्रकार सुरू झाला तर काही उरणार नाही. बक्षीस वाढवलं तर खणणारे वाढतील, ही शंका मला पुरातत्त्वातल्या मित्रांनी बोलून दाखवलीय आणि तिच्यात तथ्य आहे. तोळ्याचा भाव लाखावर गेल्यापासून तर अधिकच. त्यावर उपाय कायद्यातच घालता येतो: नकळत, आपल्या हक्काच्या जागेत, रोजच्या कामात सापडलं तर पुरा मोबदला आणि मान, हेतूने खणून, दुसऱ्याच्या किंवा देवळाच्या, गडाच्या जागेत मिळवलं तर एक पैसाही नाही आणि वर खटला. इंग्लंडमध्येही बेकायदा घुसून शोधणाऱ्याचं बक्षीस कापतात. सापडलेली जागा तशीच ठेवून आधी कळवलं, मग उचललं, तर मोबदला वाढवावा. कारण अभ्यासकाला वस्तूइतकीच ती जागा हवी असते.

आणि हे सांगायचं कोणाला? पुस्तकं वाचणाऱ्यांना नको, त्यांना काही सापडत नाही. जेसीबीच्या चालकाला सांगा. आज गावात पहिला खड्डा तो घेतो. विहिरी खणणाऱ्या वडारांना, पाया भरणाऱ्या गवंड्यांना, जुने वाडे पाडून लाकूड-दगड विकणाऱ्यांना, पोलीस पाटलाला, तलाठ्याला सांगा. सोनारालाही सांगा; मुशीत घालण्याआधी एक फोन कर, तुझा तोटा होणार नाही. जिल्ह्याला एक माणूस नेमा, ज्याचा नंबर चावडीवर रंगवलेला असेल आणि जो फोन आल्यावर पोलिसांची गाडी न आणता एकटा मोटरसायकलवर येईल. ज्याला सापडलं त्याचं नाव संग्रहालयातल्या पाटीवर लिहा. छबू लक्ष्मण भिल हे नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आहे, ते शाळेच्या पुस्तकात का नसावं?

परवा मामाकडे गेलो होतो. आता त्याचं वय झालंय, कमी ऐकू येतं. मी १८७८ च्या कायद्याची प्रत घेऊन गेलो आणि त्याला कलमं मराठीत करून मोठ्याने वाचून दाखवली. ठेवा बिनवारशी ठरला आणि जागेच्या मालकीचा वाद नसेल, तर तो सापडणाऱ्यालाच मिळतो. जागा दुसऱ्याची असेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक हिस्सा मालकाला. मामाची भिंत, मामाची पहार. दोन्ही बाजूंनी तोच. कळवलं असतं तर रुपये चौकशीनंतर त्याच्या हाती परत आले असते. आणि सरकारने ठेवून घेतले असते तर चांदीचा पुरा भाव आणि वर पाचवा हिस्सा.

मामा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सोनाराने तर शेकडा दहा घट कापली होती रे."